दाबाखाली वाढणारं हृदय आणि इन्सुलिन: उंदरांवरचे प्रयोग नेमकं काय सांगतात?

स्पंदन (धागालेखक)

डायबिटीस आणि हार्ट फेल्युअरवर कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं, इन्सुलिन हृदयाला चांगलंच, त्याने साखर पेशीत जाते, स्नायूला ताकद मिळते, पेशी जगतात. यात खोटं काही नाही पण ही अर्धीच गोष्ट झाली. ज्या हृदयाला रोज, दर ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतंय त्याला हेच इन्सुलिन नडू शकतं, आणि निदान उंदरांमध्ये तरी हे बऱ्यापैकी पक्कं दाखवलं गेलंय. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी दाबाचं बघू. माणसात हा जादा दाब येतो तो मुख्यतः ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की, किंवा महाधमनीची झडप अरुंद झाली की. उंदरात तो मुद्दाम तयार करतात. उंदराला भूल देऊन छातीला छोटा छेद घेतात, महाधमनीची कमान जिथे वळते तिथे तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या फांदीच्या मधोमध रेशमी दोरा खालून ओवून घेतात, धमनीला चिकटून २७ गेजची सुई आडवी ठेवतात, धमनी आणि सुई दोन्हींवर मिळून गाठ मारतात आणि मग सुई अलगद ओढून घेतात. सुई जाते, गाठ राहते, आणि धमनीत वाट उरते ती त्या सुईच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. १९९१ मध्ये रॉकमन आणि सहकाऱ्यांनी उंदरात ही पद्धत वापरून दाखवली आणि आजही जगभर हीच चालते, प्रयोगशाळेतले लोक तिला टॅक म्हणतात.

निरोगी उंदराचं हृदय जेमतेम १०० ते १५० मिलिग्रॅमचं, मिनिटाला ५०० ते ६०० ठोके. गाठ मारल्यावर डाव्या कप्प्याची भिंत आठवड्या-दोन आठवड्यांतच जाड व्हायला लागते. का होते तर भिंतीवरचा ताण हा आतला दाब गुणिले कप्प्याची त्रिज्या भागिले भिंतीची जाडी या हिशोबाने ठरतो, म्हणजे दाब वाढला तर जाडी वाढवून ताण परत खाली आणता येतो. इथपर्यंत हृदयाचं वागणं शहाणपणाचं आहे. पण काही आठवड्यांनी तेच हृदय फुगायला लागतं, आकुंचन कमजोर पडतं, पेशी मरतात, मधे तंतूंचं जाळं साचतं ज्याला फायब्रोसिस म्हणतात. आधी सावरणारं हृदय मग ढासळतं का, हाच खरा प्रश्न, आणि इन्सुलिन इथेच येतं.

इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल ऐकणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की आतमध्ये आयआरएस-१ आणि आयआरएस-२ नावाची प्रथिनं जागी होतात, त्यांच्यामुळे पीआय-३ कायनेज, त्याच्यामुळे एकेटी, आणि एकेटी मग एकाच वेळी बरीच कामं करतं. ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-४ पेशीच्या पृष्ठभागावर आणतं, पेशी मरण्याचे सिग्नल दाबतं, आणि एमटॉर चालू करून प्रथिनं बनवण्याचा वेग वाढवतं. प्रथिनं वाढली म्हणजे पेशी जाड झाली. हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी फारशा विभागत नाहीत, त्यामुळे हृदय वाढतं ते मुख्यतः असं, पेशी जाड होऊन.

आता २०१० चा तो पेपर ज्यासाठी हा धागा काढला. जपानमधल्या शिमिझु, मिनामिनो, कोमुरो या मंडळींनी टॅक केलेल्या उंदरांमध्ये बघितलं की काही काळाने त्यांचं यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि रक्तातलं इन्सुलिन वाढतं. उंदीर लठ्ठ होते म्हणून नव्हे बरं का, हृदयावरच्या दाबाचाच हा परिणाम. आणि हृदयात इन्सुलिनचा सिग्नल उलट वाढलेला. पेशी इतक्या जाड झाल्या की केशवाहिन्या पुरेनात, ऑक्सिजन कमी पडला, पेशी मरायला लागल्या. घरावर मजले चढवत गेलो आणि पाण्याची पाईपलाईन जुनीच ठेवली तर वरच्या मजल्यांचं जे होईल ते. मग त्यांनी इन्सुलिन कमी करून बघितलं तर हृदयाचं काम सुधारलं. फक्त हृदयाच्या पेशींमधले इन्सुलिन रिसेप्टर कमी केले तरी सुधारलं. आणि टाइप १ सारखा डायबिटीस असलेल्या उंदरांना दाबाच्या जोडीला इन्सुलिन दिलं तर साखर ताळ्यावर आली पण हृदयातली ऑक्सिजनची टंचाई वाढली, पेशी जास्त मेल्या. शेवटचा मुद्दा दोनदा वाचा. साखर सुधारली आणि हृदय बिघडलं.

चौकस

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक कळलं नाही. यकृत इन्सुलिनला दाद देत नाही म्हणताय, मग हृदय कसं देतंय? इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे सगळं शरीरच बहिरं झालं असं मी समजत होतो.

स्पंदन

@चौकस, बहुतेक जण तसंच धरून चालतात, आणि त्यामुळेच हा विषय अवघड जातो. रेझिस्टन्स अवयवागणिक वेगळा असू शकतो. यकृताने दाद दिली नाही की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन रक्तातून सगळीकडेच फिरतं. ज्या अवयवाचा रिसेप्टर अजून नीट चालतोय त्याला मग गरजेपेक्षा जास्त सिग्नल मिळतो. इथे तर त्याच्याही पुढची गोष्ट आहे, पेशी ताणली गेली की त्या ताणानेच इन्सुलिन रिसेप्टर चालू होतो असं त्यांना दिसलं, शिवाय दाबाखालच्या हृदयात रिसेप्टर आणि आयआरएस-१ दोन्हींचं प्रमाण वाढलेलं. म्हणजे बाहेर इन्सुलिन जास्त, ते ऐकणारे रिसेप्टर जास्त आणि वरून ताणाची भर. तिन्ही एकाच दिशेला.

बिनधास्त_वाचक

वाचतेय. प्रतिसाद पण येऊ द्या असेच.

शांतरस

लेख चांगला आहे पण माझा आक्षेप आहे आणि तो स्पष्ट मांडतो. एका पेपरवरून इन्सुलिनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. हृदयाच्या पेशींमधून इन्सुलिन रिसेप्टर पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर २००२ मध्येच तयार झाले होते, एबल यांच्या गटाने केले होते, त्यांची हृदयं नेहमीपेक्षा लहान होती. आणि त्याच उंदरांची महाधमनी आवळली तेव्हा त्यांचं आकुंचन साध्या उंदरांपेक्षा जास्त खालावलं. म्हणजे इन्सुलिन नाही तर हृदय दाब सोसू शकत नाही, सरळ अर्थ आहे. रक्तपुरवठा तुटून परत सुरू होताना इन्सुलिन दिलं तर पेशी वाचतात हेही किती प्रयोगांत आलंय. मग एकाच गोष्टीवर दोन उलट निष्कर्ष कसे?

स्पंदन

@शांतरस, आक्षेप एकदम रास्त आहे आणि हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या विषयाला हात घालूच नये असं माझं मत आहे.

एक तर पूर्ण काढणं आणि कमी करणं यात फरक आहे. २००२ च्या उंदरांत हृदयपेशींना रिसेप्टर जवळजवळ नाहीतच, आणि तेही जन्माच्या आसपासपासून, त्यामुळे हृदय लहानपणीच नीट वाढलं नाही, त्याचा इंधन वापरण्याचा ढंगही बदलला. अशा हृदयावर दाब आला तर ते कोलमडणार यात नवल नाही. २०१० च्या प्रयोगात हृदयातला रिसेप्टर नुसता कमी केलेला होता, काढून टाकलेला नव्हता. थोडा सिग्नल पाहिजेच, तो जगवतो. तोच वाढत गेला आणि आठवडेच्या आठवडे वाढलेला राहिला की पेशी रक्तवाहिन्यांच्या पुढे धावते. माझ्या मते अख्खा वाद किती आणि किती दिवस या दोन गोष्टींवर येऊन थांबतो.

याला दुजोरा देणारा, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रयोग म्हणजे २००५ चा शिओजिमा आणि वॉल्श यांचा. त्यांनी असे उंदीर बनवले ज्यांच्या हृदयात एकेटी पाहिजे तेव्हा चालू आणि पाहिजे तेव्हा बंद करता येतं. टॅक नाही, दाब नाही, नुसतं एकेटी. दोन आठवडे चालू ठेवलं तर हृदय मोठं झालं पण काम झकास, रक्तवाहिन्याही सोबत वाढल्या, आणि बंद केलं की हृदय परत लहान. सहा आठवडे चालू ठेवलं तर केशवाहिन्या मागे पडल्या आणि हृदय फेल. आणि खरी गंमत पुढेच आहे, सुरुवातीच्या चांगल्या काळातच रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ अडवला तर हृदय लगेच बिघडलं. याचा अर्थ हृदय मोठं झालं याचा त्रास नव्हता, रक्तवाहिन्या बरोबरीने वाढल्या नाहीत याचा होता. २०१० च्या पेपरातही इन्सुलिन दिलेल्या उंदरांमध्ये रक्तवाहिन्या वाढवल्यावर हृदयाचं काम परत सुधारलं, ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

रक्तपुरवठा तुटण्याचं म्हणाल तर ते तासांचं गणित आहे, टॅक आठवड्यांचं. दोन्हीत इन्सुलिन तेच असलं तरी काम वेगळं पडतं. आणि तिथेही माणसांत चित्र तितकं छान नाही, हार्ट अटॅकमध्ये ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियमचं मिश्रण देऊन २०,००० हून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती, निकाल २००५ मध्ये आला, मृत्यूदरात फरक पडला नाही.

शांतरस

पूर्ण आणि अर्धं हा फरक मान्य. एकेटीचा प्रयोग वाचला होता पण इथे जोडून पाहिला नव्हता. केशवाहिन्या मागे का पडतात यावर मात्र अजून लिहा, तोच कळीचा भाग दिसतोय.

स्पंदन

हो, त्यावरही २०१० च्या पेपरवाल्या जपानी गटाचंच २००७ चं काम आहे. दाब आल्यावर सुरुवातीला पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, त्यामुळे एचआयएफ-१ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं. म्हणूनच पहिले काही दिवस सगळं ठीक चालतं. दाब तसाच राहिला की पी-५३ साचतं, तेच पी-५३ जे कॅन्सरच्या संदर्भात आपण ऐकतो, आणि ते एचआयएफ-१ ला दाबून टाकतं. रक्तवाहिन्या वाढायच्या थांबतात. आता त्याच वेळी दुसऱ्या बाजूने इन्सुलिन पेशीला वाढ वाढ म्हणून सांगतंच आहे. यात इन्सुलिनने एकट्याने हृदय बिघडवलं असं कोणी म्हणत नाहीये. दाबाने रक्तवाहिन्यांची वाढ रोखून धरली आणि इन्सुलिनने पेशीची वाढ थांबू दिली नाही, या दोघांच्या मधे हृदय सापडलं.

निळावंती

माझा प्रश्न अगदी साधा आहे, शास्त्रातलं फार कळत नाही. माझ्या आईला बीपी पण आहे आणि ती इन्सुलिन पण घेते. हे वाचून पोटात गोळाच आला. तिने काय करायचं?

स्पंदन

@निळावंती ताई, आईंचं इन्सुलिन एक डोससुद्धा कमी करू नका, बंद तर अजिबात नको. हे मी फार कळकळीने सांगतोय. वरचं सगळं उंदरांमधलं आहे, तेही महाधमनी एका झटक्यात आवळलेल्या उंदरांमधलं, माणसाचं बीपी असं एका दिवसात चढत नाही. टाइप १ असेल तर इन्सुलिनवाचून माणूस जगतच नाही, आणि टाइप २ मध्येही साखर वाढलेली राहिली तर हृदय, किडनी, डोळे सगळ्यांचंच नुकसान. इन्सुलिन ग्लार्जिनवर ओरिजिन नावाची मोठी चाचणी झाली, १२,५०० हून जास्त लोक, निकाल २०१२ मध्ये. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेऊनही हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वाढलं नाही. तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे आईंचं बीपी ताब्यात ठेवणं, कारण या अख्ख्या गोष्टीची सुरुवातच दाबापासून होते. आणि शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा की हृदय तपासण्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायची गरज आहे का.

निळावंती

खूप धन्यवाद, जीव भांड्यात पडला. इकोचं विचारते.

रेशीमगाठ

मी टॅक केलेली हृदयं रोज बघते म्हणून थोडं प्रत्यक्ष कामाचं लिहिते, पेपर वाचताना उपयोगी पडेल.

गाठ किती घट्ट बसली यावर सगळं अवलंबून आहे आणि सुईची जाडी एक असली तरी दोन हातांच्या गाठी एक नसतात, वर उंदीर लहान असेल आणि पुढे वाढला तर तीच गाठ आणखी आवळल्यासारखी होते. म्हणून गाठीच्या अलीकडे पलीकडे दाबात किती फरक आहे ते डॉपलरने मोजून दाखवलंय का ते आधी बघा. ते नसेल तर एका गटाचं हृदय कमी वाढलं हे इन्सुलिनमुळे की सैल गाठीमुळे, सांगता येणार नाही. शॅम गट पाहिजेच, म्हणजे छाती उघडायची, दोरा ओवायचा पण आवळायचा नाही.

दुसरं, हृदयाचं वजन कशाशी ताडून बघितलंय. बरेच जण शरीराच्या वजनाशी ताडतात. पण हार्ट फेल्युअरमध्ये उंदीर वाळतो किंवा अंगात पाणी साचून जड होतो, आणि इन्सुलिनच्या प्रयोगात तर वजन हलणारच. त्यापेक्षा नडगीच्या हाडाची लांबी घ्यावी, मोठ्या उंदरात ती आठवड्या-दोन आठवड्यांत बदलत नाही. आम्ही हाड स्वच्छ करून कॅलिपरने मोजतो, कंटाळवाणं काम आहे पण आकडा विश्वासाचा येतो.

तिसरं फार कमी लोक लक्षात घेतात. सी-५७-ब्लॅक-६ उंदराच्या दोन पोटजाती आहेत, जे आणि एन. जे मध्ये एनएनटी नावाच्या जीनमध्ये बिघाड आहे आणि त्यामुळे साखर दिल्यावर त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन नीट सोडत नाही. आणि दाबाखाली जे चं हृदय एन पेक्षा चांगलं टिकतं, हेही दाखवलेलं आहे, ते श्रेय मात्र मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, दिलं जातं. आता इन्सुलिन आणि टॅक यांचाच अभ्यास करायचा आणि उंदराची पोटजातच लिहायची नाही किंवा कंट्रोल गट दुसऱ्या पोटजातीचा घ्यायचा, असं असेल तर मी तो पेपर तिथेच बाजूला ठेवते.

चौकस

@रेशीमगाठ, जबरदस्त प्रतिसाद! हे असलं कुठे वाचायला मिळत नाही. अजून एक विचारतो, व्यायामाने पण हृदय मोठं होतं ना, खेळाडूंचं असतं तसं. तेही इन्सुलिनमुळेच का? मग ते का बिघडत नाही?

स्पंदन

त्यात इन्सुलिनचं भावंड आयजीएफ-१ जास्त पुढे असतं, पण आतला रस्ता तोच, पीआय-३ कायनेज आणि एकेटी. २००३ मध्ये मॅकमुलन आणि इझुमो यांच्या गटाने हृदयातलं पीआय-३ कायनेज अडवलेल्या उंदरांना पोहायला लावलं तर हृदय वाढलंच नाही. त्याच उंदरांना टॅक केलं तर मात्र वाढलं. म्हणजे पोहण्याने होणारी वाढ या रस्त्याशिवाय होत नाही, दाबाने होणारी वाढ होते, कारण दाबाला अँजिओटेन्सिन, एन्डोथेलिन, कॅल्सिन्युरिन असे दुसरे रस्ते मोकळे आहेत. कॅल्सिन्युरिनचं तर १९९८ पासून माहीत आहे.

व्यायामात हृदयावर ताण येतो आणि जातो, उंदीर पोहून बाहेर आला की हृदयाला उसंत. टॅकमध्ये ती गाठ झोपेतही सुटत नाही. व्यायामात रक्तवाहिन्या बरोबरीने वाढतात, फायब्रोसिस होत नाही, आणि पोहणं थांबलं की हृदय परत पूर्वीएवढं होतं. म्हणूनच नुसतं हृदयाचं वजन बघून चांगलं वाईट ठरवू नका, केशवाहिन्या मोजल्यात का, फायब्रोसिस रंगवून बघितलंय का, हे बघा.

शांतरस

मग उपचाराच्या बाजूने यातून काय निघतं? एमटॉर अडवणारं रॅपामायसिन टॅकच्या उंदरांत वापरलं गेलंय ना?

स्पंदन

हो, २००३ मध्ये वाढ कमी होते हे दाखवलं आणि २००४ मध्ये आधीच वाढलेलं, बिघडायला लागलेलं हृदयही थोडं मागे येतं हे दाखवलं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, अवयव प्रत्यारोपणात देतात, बीपीच्या रुग्णाला आयुष्यभर देता येणार नाही.

मला जास्त आशा वाटते ती एसजीएलटी-२, म्हणजे किडनीत साखर परत शोषून घेणारं प्रथिन, अडवणाऱ्या गोळ्यांकडून. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, म्हणजे साखर उतरवायला जास्तीचं इन्सुलिन लागत नाही, उलट रक्तातलं इन्सुलिन कमी होतं. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या आणि २०२० मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना फायदा झाला, डायबिटीस नसलेल्यांनाही. हा फायदा इन्सुलिन कमी झाल्यामुळेच झाला असं म्हणायला आधार नाही, त्या गोळ्या आणखीही बरंच काही करतात, पण २०१० च्या उंदरांशी हे विसंगत नाही एवढं नक्की.

चौकस

आणि तुम्हाला स्वतःला पुढचा कोणता प्रयोग बघायला आवडेल?

स्पंदन

वेळेचा. टॅक आधी करायचं, हृदय जाड होऊ द्यायचं, आणि मग दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी वेगवेगळ्या गटांत हृदयपेशींमधला इन्सुलिन रिसेप्टर अर्ध्यावर आणायचा. रुग्ण आपल्याकडे येतो तो हृदय जाड झाल्यावरच, जन्मापासून रिसेप्टर कमी असलेला उंदीर त्याच्याबद्दल फार काही सांगू शकत नाही. टॅमॉक्सिफेन देऊन पाहिजे तेव्हा जीन बंद करायची सोय आहेच.

रेशीमगाठ

त्यात एक गट वाढवा. टॅमॉक्सिफेनने चालू होणारं, जीन कापून बंद करणारं ते क्री प्रथिन एकटंच हृदयाला काही दिवस कमजोर करू शकतं, दाबाखालच्या हृदयाला तर जास्तच. त्यामुळे क्री आहे पण रिसेप्टर शाबूत आहे अशा उंदरांनाही टॅक आणि तेवढंच टॅमॉक्सिफेन दिलं पाहिजे, आणि पहिला इको टॅमॉक्सिफेनचा परिणाम ओसरल्यावर घ्यायला हवा. भूल दिली की ठोके खाली येतात, तर सगळ्या गटांचा इको ठोके सारख्याच रेंजमध्ये असताना घ्यायचा, नाहीतर आकुंचनाचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

स्पंदन

@रेशीमगाठ, बरोबर. आणि शेवटी हृदय काढल्यावर त्याच कापात पेशीचा आकार आणि प्रत्येक पेशीमागे केशवाहिन्या किती हे दोन्ही मोजायचं, वेगवेगळ्या कापांत नाही.